चुनखडकात विहीर का फसते

अंबरनाथचं शिवमंदिर १०६० साली ज्या काळ्या कातळातून घडवलं गेलं, तो कातळ उल्हास नदीच्या खोऱ्यात संपत नाही. पनवेलच्या पट्ट्यात लाव्हाचे हे थर पश्चिमेला वाकतात आणि समुद्राखाली उतरतात. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर ते पुन्हा भेटतात, पण खोल गाडलेले. तिथल्या भूगर्भाचा पाया कुठे हा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट आहे, तर कुठे त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट. त्या पायावर चुनखडकाचे थर साचले आणि त्या चुनखडकात तेल साठलं. हे मुंबई हाय. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या रिगने तिथे तेल शोधलं आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या माणसाला खडकाने दिलेला चकवा नवा नाही. सोसायटीच्या आवारात एक बोअर मारली तर तीनशे फुटांवर पाणी लागतं, आणि तीस पावलांवर मारलेली दुसरी कोरडी जाते. पाणाड्याला दोष दिला जातो, नशिबाला दिला जातो. खरं कारण असं की घट्ट बेसाल्टला स्वतःची भोकं जवळजवळ नसतात. पाणी असतं ते भेगांमध्ये, दोन लाव्हाथरांच्या मधल्या कुजलेल्या पट्ट्यात किंवा मांजऱ्या म्हणतात त्या भोकाभोकांच्या खडकात. बोअर त्या भेगेवर पडली तर पाणी, नाही पडली तर धूळ. मुंबई हायच्या चुनखडकातही शेजारशेजारच्या दोन विहिरी अशाच वेगळ्या वागू शकतात, फक्त तिथे कारणं जास्त आहेत आणि खर्च कोट्यवधींचा आहे. म्हणून तिथे नशिबावर सोडून चालत नाही. फसलेली विहीर उलगडून पाहावी लागते, आणि त्यासाठी जमिनीखालच्या खडकाची प्रतिकृती संगणकात उभी करतात. तिला भूशास्त्रीय मॉडेल म्हणतात. ते कसं बांधतात आणि निराश करणाऱ्या विहिरीबद्दल ते काय सांगू शकतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी खडक. वाळूचा दगड तयार होतो तेव्हा वाळू कुठून तरी वाहून येते, बसते, दाबली जाते. चुनखडक मात्र बहुतांशी जागच्या जागी जन्मतो. उथळ, उबदार, स्वच्छ समुद्रात शंख-शिंपले, शैवाल, फोरामिनिफेरासारखे सूक्ष्म जीव राहतात, मरतात, आणि त्यांची कवचं तळाशी साचतात. मुंबई हायचा मुख्य तेलसाठा ‘एल-थ्री’ नावाच्या चुनखडकात आहे. तो मायोसीन काळाच्या सुरुवातीचा, म्हणजे साधारण दोन कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा हा भाग समुद्रातलं उथळ पठार होता. लाटांनी घुसळलेल्या जागी कवचांचे दाणे धुऊन निघाले, शांत खाजणासारख्या जागी चुन्याचा चिखल बसला, आणि मधूनमधून मातीचा गाळ येऊन पातळ शेलचे पापुद्रे पडले. त्यामुळे एल-थ्री हा एकच दगड नाही. तो एकावर एक रचलेल्या थरांचा गठ्ठा आहे आणि तिथे काम करणारे त्यांना ए-वन, ए-टू, बी, सी अशा नावांनी ओळखतात.

चुना पाण्यात विरघळतो, आणि चुनखडकाचं पुढचं सगळं नाट्य त्यातून येतं. समुद्राची पातळी उतरली की हे पठार उघडं पडे, पावसाचं गोडं पाणी आत झिरपे आणि कवचं विरघळून पोकळ्या होत. तेच चुना घेतलेलं पाणी पुढे दुसरीकडे जाई आणि तिथल्या पोकळ्यांत कॅल्साइटचे स्फटिक भरून टाकी. म्हणजे एका जागी खडक मोकळा होतो, तर शेजारी त्याच पाण्याने तो बुजतो. आर. पी. राव आणि एस. एन. तालुकदार यांनी १९८० साली मुंबई हायच्या भूशास्त्रावर लिहिलेला निबंध आजही आधारभूत मानला जातो, आणि गोड्या पाण्याने केलेल्या या विरघळण्याचं महत्त्व त्यात आहे. माझ्या मते चुनखडकाच्या मॉडेलची अर्धी लढाई इथेच आहे. कवचं कुठे साचली एवढं कळून भागत नाही, नंतर त्यांचं काय झालं तेही कळावं लागतं.

आता एक तुकडा हातात घेऊ. विहिरीतून काढलेल्या कोअरमधून, म्हणजे दगडाच्या दंडगोलातून, बोटाएवढ्या जाडीच्या छोट्या कांड्या कापतात. एक कांडी निळा रंग मिसळलेल्या राळेत भिजवतात, ती घट्ट झाली की कागदाहून पातळ चकती घासून काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. जिथे निळं दिसतं तिथे पोकळी.  समजा अशा दोन चकत्या शेजारी ठेवल्या आणि दोन्हींत निळा भाग सारखाच, २२ टक्के आहे. पहिल्या चकतीत निळं दाण्यांच्या मधून, गल्लीबोळांसारखं एकमेकांना जोडत गेलेलं दिसतं. दुसरीत ते सुट्या ठिपक्यांत आहे. हे ठिपके विरघळून गेलेल्या कवचांचे साचे असतात, आणि दोन साच्यांच्या मध्ये घट्ट चुना असतो. पहिल्या कांडीतून हवा सोडली तर ती सहज निघते, दुसरीतून जेमतेम निघते. खडकात जागा किती आहे ती सच्छिद्रता. त्या जागांतून द्रव किती सहज वाहतो ती पारगम्यता. वाळूच्या दगडात या दोन गोष्टी बहुधा हातात हात घालून चालतात. चुनखडकात त्यांची फारकत होते. जेरी लुशिया यांनी १९९५ मध्ये मांडलेलं चुनखडकांचं वर्गीकरण याच फरकावर उभं आहे: पोकळ्या दाण्यांच्या मधल्या आहेत की सुट्या, आणि सुट्या असतील तर एकमेकींना भिडतात का.

विहिरीत मात्र सगळीकडे कोअर काढत नाहीत, ते फार महाग पडतं. बहुतेक विहिरींत तारेवरून उपकरणं सोडून खडकाची मापं घेतात. त्यांना लॉग म्हणतात. लॉगवरून पोकळ्या किती ते कळतं आणि खडकाचा विद्युत रोधही कळतो. खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल नेत नाही. म्हणून रोध जास्त असेल तर तेल असावं, असा हिशेब. हा हिशेब गस आर्ची यांनी १९४२ मध्ये सूत्रात बसवला. त्या सूत्रात ‘एम’ हा घातांक आहे, आणि तो पोकळ्यांमधून जाणारी वाट किती वाकडी आहे ते सांगतो. नेहमीच्या दाणेदार खडकाला तो २ धरतात.

इथे विहीर कशी फसते ते आकड्यांत पाहू. समजा सच्छिद्रता २० टक्के आहे, थरातल्या पाण्याचा रोध ०.०५ आणि लॉगने मोजलेला खडकाचा रोध १० ओहम-मीटर आहे. ‘एम’ २ धरला तर सूत्र सांगतं की पोकळ्यांतला ३५ टक्के भाग पाण्याचा, बाकी ६५ टक्के तेल. विहीर सुरू करायला हरकत नाही. पण त्या जागी पोकळ्या सुट्या साच्यांच्या असतील तर ‘एम’ ३ च्या आसपास जातो. ३ घालून तोच हिशेब केला की पाणी ७९ टक्के निघतं. लॉग तोच, मापं तीच, बदलला तो खडकाच्या घडणीबद्दलचा एक समज. विहीर उघडल्यावर वर पाणीच आलं तर उपकरणांना दोष देता येत नाही. त्या खोलीची चकती कोणी पाहिली होती का, हा प्रश्न विचारावा लागतो.

मॉडेलची बांधणी सांगाड्यापासून सुरू होते. जहाजावरून ध्वनिलहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपतात आणि त्यावरून थरांचे माथे, प्रस्तरभंग, चढउतार ओळखतात. हे झालं भूकंपीय सर्वेक्षण. त्याची मर्यादा मोठी आहे. चुनखडकात ध्वनीचा वेग सेकंदाला ४,००० मीटर आणि लहरींची वारंवारिता ४० हर्ट्झ धरली, तर लहरीची लांबी १०० मीटर येते. त्याच्या चौथ्या हिश्श्याहून, म्हणजे २५ मीटरहून पातळ थर वेगळा ओळखणं अवघड. तेल मात्र अनेकदा काही मीटर जाडीच्या थरांत बसलेलं असतं. मोठी रचना ध्वनी दाखवतो, बारकावा विहिरींकडून घ्यावा लागतो.

मग सांगाड्याचे चौकोनी ठोकळे पाडतात. मुंबई हायचा पसारा सुमारे ७५ किलोमीटर लांब आणि २५ किलोमीटर रुंद आहे. त्यातलं १,२०० चौरस किलोमीटर क्षेत्र धरलं, १०० बाय १०० मीटरचे ठोकळे केले आणि उभे शंभर थर पाडले, तर १ कोटी २० लाख ठोकळे होतात. प्रत्येक ठोकळ्याला खडकाचा प्रकार, सच्छिद्रता, पारगम्यता आणि पाण्याचं प्रमाण द्यायचं असतं. आपल्याला खात्रीने माहीत काय असतं? विहीर जिथून गेली ते भोक. साठ्याच्या खोलीवर त्याचा व्यास बहुधा वीतभर. बाकी सगळं अनुमान.

अनुमान मात्र शिस्तीचं असतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत डॅनी क्रीग यांनी काही जागचे नमुने घेऊन मधल्या जागेचं सोनं अंदाजण्याची पद्धत शोधली आणि फ्रान्सच्या जॉर्ज माथेराँ यांनी तिला गणिती बैठक दिली. तेलसाठ्यांची मॉडेलं आजही त्याच पायावर आहेत. दोन जागा किती अंतरापर्यंत एकमेकींसारख्या असतात ते आधी मोजतात, आणि त्या मापाने विहिरींमधली रिकामी जागा भरतात. चांगला भूशास्त्रज्ञ इथे थेट सच्छिद्रतेचे आकडे भरायला बसत नाही. आधी तो खडकाचे प्रकार मांडतो: दाणेदार चुनखडक लाटांच्या पट्ट्यात, चिखलाचा चुनखडक शांत पाण्यात, विरघळलेला पट्टा जुन्या उघड्या पृष्ठभागाखाली. मग प्रत्येक प्रकाराला त्याची सच्छिद्रता आणि पारगम्यता देतो. हा क्रम चुकला की नकाशा दिसायला गुळगुळीत आणि सुंदर होतो, पण त्यात भूगर्भ राहत नाही.

आणि असं मॉडेल एकच करून थांबायचं नसतं. हातातल्या माहितीशी जुळणारी पन्नास किंवा शंभर मॉडेलं करतात, कारण दोन विहिरींच्या मधलं सत्य एकाहून अधिक प्रकारे भरता येतं. एका मॉडेलवर जीव जडला की कोरड्या विहिरीचा अर्थ लावणं कठीण होतं. त्या मॉडेलने ‘तेल आहे’ म्हटलं होतं, विहिरीने ‘नाही’ म्हटलं, आणि मध्ये बोलायला कोणी उरत नाही. शंभर मॉडेलांपैकी विसांनी ‘इथे खडक बुजलेला असेल’ म्हटलं असेल, तर ती वीस आता लक्ष देऊन वाचायची असतात.

विहीर अपेक्षेपेक्षा कमी निघाली की पहिला संशय खुद्द विहिरीवर घ्यावा. खोदताना वापरलेला चिखल मोठ्या पोकळ्यांत घुसतो आणि चुनखडकात तर पिंपंच्या पिंपं नाहीशी होतात. त्यामुळे उत्तम खडकाचंच तोंड बुजू शकतं. हे तपासायला विहीर काही काळ बंद ठेवून दाब कसा चढतो ते टिपतात. त्या वक्रावरून खडकाची खरी पारगम्यता आणि भोकाभोवतीची इजा वेगवेगळी काढता येते. इजा निघाली तर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून चुना विरघळवतात आणि विहीर मोकळी होते. ही तपासणी न करता मॉडेलमधला खडक खराब ठरवला तर चूक पुढच्या सगळ्या विहिरींना भोवते.

विहीर निर्दोष निघाली की मॉडेलकडे वळायचं. थराचा माथा अंदाजापेक्षा खोल लागला का? ध्वनीचा वेग थोडा चुकीचा धरला तरी माथा काही मीटर खाली सरकतो, आणि तेल-पाण्याची सीमा जवळ असेल तर तेवढ्याने विहीर पाण्यात जाते. माथा बरोबर असेल, तर खडक तिथे आहे पण बुजलेला आहे का? बुजलेला नसेल, तर पोकळ्या सुट्या आहेत का? सगळं ठीक असेल आणि दाबच कमी असेल, तर तिथलं तेल शेजारच्या विहिरीने आधीच ओढलं असण्याची शक्यता आहे. ती बातमी एका अर्थाने चांगली, कारण या दोन जागा आतून जोडलेल्या आहेत हे त्यातून कळतं. उलट, शेजारी वर्षानुवर्षं उत्पादन चालू असताना इथला दाब मूळचाच राहिला असेल, तर मध्ये भिंत आहे. मुंबई हायचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पाडून काम चालतं, त्यामागेही मधला शेलचा अडसर आहे.

एल-थ्रीसारख्या थरांच्या गठ्ठ्यात सगळ्यात अवघड निराशा वेगळी असते. विहीर छान चालते आणि मग अचानक पाणी देऊ लागते. १९८५ च्या सुमारास मुंबई हाय दिवसाला ४ लाखांहून अधिक बॅरल तेल देत होतं. दाब टिकवण्यासाठी थरांत समुद्राचं पाणी भरत राहावं लागलं, आणि तेच पाणी विहिरीत येऊ शकतं. समजा एक थर १० मीटर जाड आहे. त्यातल्या एका मीटरची पारगम्यता १,००० मिलिडार्सी (हे पारगम्यतेचं एकक) आहे आणि उरलेल्या नऊ मीटरची १०. मॉडेलच्या ठोकळ्यात सरासरी काढली तर १०९ येते. कागदावर चांगलाच थर. पण प्रत्यक्षात ९२ टक्के प्रवाह त्या एका मीटरातून जातो, आणि सोडलेलं पाणी तिथून सरासरीच्या हिशेबापेक्षा नऊपट वेगाने पुढच्या विहिरीत पोचतं. नऊ मीटरांतलं तेल जागच्या जागी राहतं. मॉडेल बनवणाऱ्याने ठोकळे सोयीसाठी जाड केले आणि तो एक मीटर सरासरीत मिसळून गेला, तर पाणी इतक्या लवकर का आलं याचं उत्तर मॉडेलमध्ये कधीच सापडणार नाही. म्हणून चुनखडकात थर कुठे एकत्र करायचे आणि कुठे वेगळे ठेवायचे हा निर्णय भूशास्त्रज्ञाने स्वतः घ्यावा, संगणकावर सोडू नये. विहिरीत प्रवाह मोजणारं उपकरण सोडलं की कोणत्या खोलीतून किती द्रव येतो ते दिसतं, आणि ते माप लॉगशेजारी ठेवलं की हा चोर मीटर बहुधा पकडला जातो.

यानंतर जुळणीचं काम. मॉडेलमध्ये पहिल्या दिवसापासून तेल काढायला आणि पाणी भरायला सुरुवात करतात आणि प्रत्येक विहिरीचा दाब, तेल, पाणी, वायू खऱ्या नोंदींशी ताडून पाहतात. जिथे जुळत नाही तिथे बदल करतात. इथे एक मोह असतो: फसलेल्या विहिरीभोवतीच्या ठोकळ्यांची पारगम्यता दहाने भागायची, की आकडे जुळतात. असं ठिगळ त्या विहिरीपुरतं काम करतं, शेजारच्या नव्या विहिरीबद्दल काहीच सांगत नाही. बदलाला भूशास्त्रीय कारण हवं. बुजलेला पट्टा मांडायचा असेल तर तो कोणत्या जुन्या पृष्ठभागाला धरून आहे, किती लांब जातो आणि दुसऱ्या कोणत्या विहिरींत दिसायला हवा, हे सांगता आलं पाहिजे. मग त्या विहिरींच्या कोअर पेट्या पुन्हा उघडायच्या.

त्याहून कडक परीक्षा म्हणजे विहीर लपवणं. फसलेल्या विहिरीची सगळी माहिती मॉडेलमधून काढून टाकायची, उरलेल्या विहिरींवर ते पुन्हा बांधायचं, आणि त्या जागी काय लागेल ते विचारायचं. सुधारलेलं मॉडेल तिथे निराशा भाकीत करत असेल, तर आपण कारणाच्या जवळ आलो आहोत. करत नसेल, तर आधीची जुळणी म्हणजे आकड्यांची ओढाताण होती.

मुंबई हायमध्ये २००० च्या सुमारास पुनर्विकास सुरू झाला, तेव्हा आडव्या विहिरींवर आणि जुन्या विहिरींतून फोडलेल्या नव्या फाट्यांवर भर आला. ज्या थरांना उभ्या विहिरी फक्त छेदून गेल्या, त्यांच्यात शेकडो मीटर आडवं शिरता येतं. फाटा फोडायला नवा प्लॅटफॉर्म लागत नाही. जुन्या विहिरीचा वरचा भाग वापरून मधूनच बाजूला वळतात. २०२५ च्या जानेवारीत हे क्षेत्र चालवणाऱ्या ओएनजीसीने त्यासाठी बीपी कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. पन्नास वर्षं तेल काढलेल्या चुनखडकात उरलेलं तेल मुख्यतः घट्ट, पातळ, वगळल्या गेलेल्या थरांत असतं, आणि तिथपर्यंत पोचायचा रस्ता जुन्या फसलेल्या विहिरींच्या नोंदींतून जातो.

असा फाटा खोदण्याआधी उरलेल्या प्रत्येक मॉडेलकडून एक कागद लिहून घ्यावा: थराचा माथा कितीवर लागेल, सच्छिद्रता किती, पाणी किती टक्के, दाब किती. खोदाई सुरू झाल्यावर त्यात फेरफार करायचा नाही. मग खडक खोदणारा बिट त्या खोलीवर पोचतो, लॉग येतो, दाब मोजला जातो, आणि ज्यांचे आकडे या नव्या मापांच्या आसपासही नाहीत ती मॉडेलं यादीतून काढली जातात. उरलेल्यांवर पुढच्या फाट्याची दिशा ठरते.